दहा मिनिटांचं नमन

संगमेश्वर, गुहागर, चिपळूण या तालुक्यांतल्या वाड्यांमध्ये शिमग्यात नमन उभं राहतं, तेव्हा घड्याळाकडे कोणी बघत नाही. रात्रीची जेवणं उरकतात, चटया पसरल्या जातात, पोरं पुढे सरकून बसतात आणि मृदंगावर पहिली थाप पडते. आधी गावच्या देवतांपासून सगळ्या देवांना नमन, मग गण, मग गौळण, मग एकेक सोंग. संकासुर येतो, पोरांना पळवतो, म्हाताऱ्यांना हसवतो. शेवटी वग. तो रंगला की उजाडायला आलं तरी माणसं उठत नाहीत.

हेच नमन महाविद्यालयातली मुलं विद्यापीठाच्या युवा महोत्सवात आणतात, तेव्हा त्यांच्या हातात दहा मिनिटं असतात. आंतरविद्यापीठ युवा महोत्सवाच्या राष्ट्रीय नियमांनुसार लोकनृत्याला दहा मिनिटं, नाचणारे जास्तीत जास्त दहा, साथीदार पाच. खालच्या फेऱ्यांची तालीमही याच मापाने होते. देव एका कडव्यात, गौळण दीड मिनिटात, संकासुराची एक झलक, आणि वगाच्या जागी टाळ्या घेणारी एक जोरकस रचना. घंटा वाजायच्या आत सगळे विंगेत.

नमनाचा हा अर्क बघून कोणाला हळहळ वाटेल, कोणाला कौतुक. दोन्ही रास्त आहे. पण रत्नागिरीत काही काळ वावरलं की मला दुसरीच गोष्ट खटकते. ही दहा मिनिटं ज्यांनी बघायला हवीत, ते रत्नागिरीकर त्या सभागृहात फारसे नसतात. समोर असतात परीक्षक, संघव्यवस्थापक प्राध्यापक आणि आपली पाळी यायची वाट बघणारी दुसऱ्या महाविद्यालयांची मुलं.

पावसातली जत्रा

मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन सांस्कृतिक युवा महोत्सवाने पन्नाशी केव्हाच ओलांडली आहे. मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे सात जिल्हे विद्यापीठाच्या अखत्यारीत येतात. एवढ्या मुलुखातली महाविद्यालयं एका ठिकाणी आणणं अशक्य, म्हणून आधी विभागवार प्राथमिक फेऱ्या होतात आणि त्यातून निवडलेले संघ मुंबईत अंतिम फेरीला जातात. रत्नागिरी जिल्ह्याचे यात दोन भाग पडतात. दक्षिण रत्नागिरीत रत्नागिरी, लांजा, राजापूर, देवरुखकडची महाविद्यालयं. उत्तर रत्नागिरीत चिपळूण, गुहागर, खेड, दापोली आणि त्यापलीकडची.

फेऱ्या येतात ऐन पावसाळ्यात, साधारण ऑगस्टच्या आसपास. कोकणातल्या मुलांसाठी हे दिवस तसे गर्दीचे. घरची लावणी नुकती आटोपलेली असते, गणपती तोंडावर आलेले असतात, परीक्षा फार लांब नसतात. त्यात सकाळी सात-आठला यजमान महाविद्यालयात हजर व्हायचं म्हणजे राजापूरच्या किंवा गुहागरच्या आतल्या गावातून निघणाऱ्या मुलाला पहाटेची एसटी धरावी लागते, नाहीतर आदल्या रात्री मित्राच्या खोलीवर मुक्काम. ढोलकी प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली, नऊवारी साड्यांचं बोचकं मांडीवर, कोणाच्या तरी हातात पुठ्ठ्याचा मुकुट. पावसाने ढोलकीची पुडी सैल पडली तर ती तापवायची कुठे, हा त्या दिवसाचा पहिला प्रश्न असतो.

संगीत, नृत्य, नाट्य, वाङ्मय आणि ललित कला हे महोत्सवाचे पाच विभाग. एकाच इमारतीत ते एकाच वेळी चालतात. मुख्य सभागृहात समूहगीत चाललेलं असतं, वरच्या मजल्यावर वक्तृत्व, खालच्या वर्गात कथाकथन, प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत मातीकाम. व्हरांड्यात कोणीतरी एकटंच भिंतीकडे तोंड करून एकपात्रीची वाक्यं पुटपुटत असतं. नाट्यसंगीत म्हणणारी मुलगी पायपेटीच्या सुराला सूर लावून बघते आणि दहा पावलांवर मूकनाट्याचा संघ चेहऱ्याला पांढरा रंग फासत असतो.

त्यातल्या रांगोळीच्या खोलीत थोडं थांबावं. अडीच तासांचं काम. खोलीतले पंखे बंद, कारण वाऱ्याच्या एका झोताने रंग उडतो. बाहेर पाऊस, आत ऑगस्टचा दमटपणा. फरशीवर आखून दिलेल्या चौकटीत प्रत्येक जण बैठक मारून बसलेला. दमट हवेत रांगोळी बोटांना चिकटते आणि धार सुटी पडत नाही, म्हणून जाणती मुलं रंग घरूनच वाळवून, बारीक चाळून डब्या भरून आणतात. व्यक्तिचित्र काढणारा आधी डोळे करतो की कपाळ, यावरून त्याला कोणी शिकवलंय याचा अंदाज येतो. गालावरची सावली चिमटीने पडत नाही. त्यासाठी तळहातावर रंग घेऊन तो फुंकरीएवढ्या हलक्या हाताने झटकावा लागतो. घामाचा एक थेंब नाकावरून पडला की अर्धा तास वाया. शेवटच्या पंधरा मिनिटांत कोणी बोलत नाही, गुडघे बधिर झालेले असतात. वेळ संपते, मुलं बाहेर येतात, परीक्षक आत जातात. निकाल लागतो, फोटो निघतात, आणि संध्याकाळी झाडूवाल्या मावशी येऊन फरशी साफ करतात.

अडीच तासांचं हे काम गावाने बघितलेलं नसतं. दार कोणी अडवत नाही. पण या, बघा, असं कोणी बोलावतही नाही.

साडेतीनशे किलोमीटर

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. रत्नागिरीपासून ते सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर आहे. एमआयडीसीत मिरजोळ्याला विद्यापीठाचा उपपरिसर आहे खरा, तिथे शिकवणं चालतं, कामंही होतात. तरी साधी गुणपत्रिका दुरुस्त करायची झाली तर मुंबईची वारी करावी लागल्याची गोष्ट इथल्या घराघरांत ऐकायला मिळते. कोकणाला वेगळं विद्यापीठ हवं, ही मागणी त्यातूनच पुन्हा पुन्हा वर येते. जिल्ह्यात मुख्यालय असलेलं सरकारी विद्यापीठ आहे ते दापोलीचं, १९७२ मध्ये स्थापन झालेलं कोकण कृषी विद्यापीठ. भात, आंबा, काजू, नारळ हा त्याचा प्रांत.

विद्यापीठं उभी करण्यात आणि चालवण्यात मात्र हा जिल्हा कधी मागे नव्हता. दापोलीजवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू केलं. अंजर्ल्याजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजला १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले आणि पुढे १९५६ ते १९५९ या काळात पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यांच्या आधी, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरुपदावर बसले ते पांडुरंग वामन काणे. शिक्षण दापोलीच्या शाळेत, काही काळ रत्नागिरीच्या शाळेत शिक्षकी, आणि मग वकिली सांभाळून धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड. १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळालं. आज रामटेकच्या कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालयाचं रत्नागिरीतलं उपकेंद्र त्यांच्या नावाने चालतं.

या माणसांना शिकायला मात्र घर सोडावं लागलं. रत्नागिरीत महाविद्यालय आलं १९४५ मध्ये, रत्नागिरी एज्युकेशन सोसायटीचं. आजचं गोगटे-जोगळेकर ते हेच. त्यानंतरच्या दशकांत देवरुखचं आठल्ये-सप्रे-पित्रे, चिपळूणचं दातार-बेहेरे-जोशी, दापोलीचं वराडकर-बेलोसे, गुहागरचं खरे-ढेरे-भोसले अशी महाविद्यालयं तालुक्यातालुक्यांत उभी राहिली. त्यांची जोडनावं बघितली तरी कळतं की ती गावकऱ्यांच्या आणि मुंबईकर चाकरमान्यांच्या देणग्यांवर उभी राहिली आहेत. सरकार किंवा विद्यापीठ आलं ते नंतर, मान्यता द्यायला.

युवा महोत्सवात हे अंतर एका दिवसापुरतं उलट्या दिशेने कापलं जातं. एरवी मुलं मुंबईला जातात, त्या दिवशी विद्यापीठ मुलांकडे येतं. पाली-देवरुखकडच्या मुलीचं नाव निकालात आलं की ती मुंबईत अंतिम फेरीला जाते. तिथे दक्षिण मुंबईतल्या नामांकित महाविद्यालयांचे संघ असतात. त्यांच्याकडे व्यावसायिक नेपथ्यकार, एकांकिका स्पर्धा गाजवलेले दिग्दर्शक आणि दोन-दोन महिन्यांच्या तालमी असतात. तिथून निवड झाली तर विद्यापीठाच्या संघात स्थान. मग राज्यातल्या विद्यापीठांचा 'इंद्रधनुष्य', त्यापुढे पश्चिम विभागीय आणि राष्ट्रीय महोत्सव. शिडी उंच आहे, आणि कोकणातली मुलं ती चढून गेलेली आहेत. ज्या गावात रंगमंच म्हणजे देवळापुढचा मांडव, तिथल्या पोराला आपण कुठे आहोत हे कळण्याची एवढी सोपी सोय दुसरी नाही. स्पर्धेचं हे मोल मोठं आहे आणि ते नाकारून पुढचं काही बोलता येणार नाही.

जाखडीचा हिशेब

तरीही दहा मिनिटांत काय सुटतं, ते एकदा जवळून बघू. नमनाइतकीच इथली दुसरी कला म्हणजे जाखडी; मुंबईकर तिला बाल्या नाच म्हणतात. गौरी-गणपतीत ती घरोघर, वाडीवाडीत नाचली जाते. मधोमध ढोलकीवाला आणि गाणारे बसतात, भोवती रिंगण धरून नाचणारे, पायात चाळ. पाऊल सुरुवातीला संथ पडतं, मग लय दुप्पट होते, चाळ एका आवाजात वाजतात आणि अंगणातली जमीन घुमायला लागते.

पण जाखडीचा जीव नुसत्या पावलात नाही. शक्तीवाले आणि तुरेवाले अशा दोन पक्षांच्या सामन्यात एक शाहीर पुराणातला कूट प्रश्न गाण्यात टाकतो आणि दुसऱ्याने गाण्यातच त्याचं उत्तर द्यायचं असतं. उत्तर जमलं नाही तर रात्रभर टोमणे. प्रेक्षकांत बसलेल्या शेतकऱ्याला रामायण, महाभारत, हरिविजय, पांडवप्रताप यांतले आडवाटेचे प्रसंग ठाऊक असतात, म्हणून त्याला त्या खेचाखेचीतली गंमत कळते. शाहीर गुरूचं नाव घेतल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. घराण्याच्या वह्या असतात. त्या कोणाला दाखवायच्या आणि कोणाला नाही, याचे संकेत असतात.

महोत्सवाच्या मंचावर जाखडी येते ती लोकनृत्य म्हणून. पाऊल येतं, चाळ येतात, मनोरा येतो. प्रश्नोत्तरं येत नाहीत, कारण त्यांना वेळ लागतो, समोर प्रतिपक्ष लागतो आणि उत्तर जाणणारा प्रेक्षक लागतो. परीक्षकांच्या कागदावर वेशभूषा, ताल, रचना, परिणाम अशा गोष्टींना गुण असतात. शाहिराच्या हजरजबाबीपणासाठी त्यात रकाना नाही, आणि नृत्याच्या स्पर्धेत तो असणारही कसा? परिणामी मुलं रचना बसवतात ती दुरून, चौकोनी मंचावर, समोरच्या एका बाजूने बघणाऱ्यांसाठी. रिंगणाची अर्धी माणसं प्रेक्षकाला पाठ करून नाचणार, हे अंगणात चालतं. मंचावर चालत नाही. मग रिंगण उघडतं आणि त्याची रांग होते.

याला कोणी भ्रष्ट करणं म्हणेल. मला तसं वाटत नाही. नमन आणि शक्ती-तुरा यांनी स्वतःला आधीही बदलून घेतलं आहे. गिरणगावात राहणाऱ्या कोकणी माणसांनी परळच्या दामोदर नाट्यगृहात तिकीट लावून बहुरंगी नमनांचे, शक्ती-तुऱ्याच्या सामन्यांचे खेळ वर्षानुवर्षे केले. तिथे पडदा आला, प्रकाशयोजना आली, गौळणीत पुरुषांच्या जागी स्त्रिया आल्या. पण दामोदरला बदल झाला तो तिकीट काढून आलेल्या, गावचं नमन पाहिलेल्या माणसासमोर. जमलं नाही तर तो उठून जाई, नाहीतर तिथल्या तिथे बोलून दाखवी. महोत्सवात मुलांसमोर हा जाणता माणूस नसतो. ज्या आजोबांनी हाताला धरून मृदंग शिकवला, ते घरी बसून फोनवर चित्रफीत बघतात.

शहराला कान आहेत

रत्नागिरीकर येणार नाहीत, त्यांना सवड नाही, हे मानायला मी तयार नाही. या शहराला ऐकायची, बघायची सवय जुनी आहे. इथलं जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं; मुंबई विद्यापीठ निघायला तेव्हा अजून जवळपास तीस वर्षं होती. गोगटे-जोगळेकर महाविद्यालयात संस्कृत विभागाची कालिदास व्याख्यानमाला साठ वर्षांहून अधिक काळ चालू आहे. गावातली वयस्कर मंडळी वही घेऊन तिथे येतात आणि व्याख्यात्याचा श्लोक चुकला तर मागच्या रांगेतून दुरुस्ती होते. त्याच महाविद्यालयाचा 'झेप' हा सांस्कृतिक महोत्सव मुलांच्या उत्साहाने फुललेला असतो.

महाविद्यालयाबाहेरही तसंच. आर्ट सर्कल ही संस्था थिबा राजवाड्याच्या आवारात शास्त्रीय संगीताचा महोत्सव भरवते. ज्या ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत करून पुढे रत्नागिरीत आणून ठेवलं आणि जो १९१६ मध्ये इथेच वारला, त्याच्या वाड्यासमोर थंडीत शाली पांघरून लोक ख्याल ऐकतात. कीर्तनसंध्येला क्रीडासंकुलाचं मैदान भरतं. खल्वायनसारखी संस्था संगीत नाटक जिवंत ठेवते. मारुती मंदिराजवळच्या सावरकर नाट्यगृहात राज्य नाट्य स्पर्धेच्या फेऱ्या होतात, आणि नाममात्र तिकीट काढून लोक रोज एक या हिशेबाने हौशी संघांची नाटकं बघतात. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्यांची चिरफाड होते. १९९० चं अखिल भारतीय साहित्य संमेलन मधु मंगेश कर्णिकांच्या अध्यक्षतेखाली इथे झालं, पुढच्याच वर्षी कोकण मराठी साहित्य परिषद स्थापन झाली आणि तिने मालगुंडला केशवसुतांच्या घरी त्यांचं स्मारक उभं केलं.

गेल्या काही वर्षांतली सगळ्यात मोठी गोष्ट तर सड्यांवर सापडली. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. जांभ्या दगडात कोरलेले हत्ती, मासे, माणसं आणि अर्थ न लागलेल्या आकृती. त्यांचा माग काढला तो स्थानिक निसर्गप्रेमींनी, सुट्टीच्या दिवशी सडे तुडवून, गुराख्यांना विचारून. गावकरी त्यांना कधीपासून ओळखत होते. कोणी त्यांना पांडवांची चित्रं म्हणे, कोणी वाट चुकू नये म्हणून त्यांची खूण धरून चाले.

म्हणजे इथे भाषा, इतिहास, संगीत, नाटक, पुरातत्त्व यांची भूक आहे आणि ती भागवणारी माणसंही आहेत. यातलं बरंच काही नागरिकांनी पदरमोड करून चालवलं आहे. विद्यापीठाच्या महोत्सवाची या सगळ्याशी कुठेही गाठ पडत नाही. तो वेगळ्या महिन्यात, वेगळ्या दारांआड होतो आणि संपतो.

शेजारी काय चालतं

दारं उघडलेली बघायला फार लांब जायला नको. गोव्यात २००८ पासून दामोदर कोसंबींच्या नावाने विचारांचा महोत्सव भरतो. तो सरकारचं कला व संस्कृती संचालनालय भरवतं. पणजीत काही संध्याकाळी व्याख्यानं होतात, प्रवेश सगळ्यांना खुला. गोवा विद्यापीठाने बाहेरून आमंत्रित केलेल्या अभ्यासकांचे काही अभ्यासक्रम सामान्य नागरिकांसाठीही उघडले. गृहिणी, निवृत्त अधिकारी, पत्रकार असे कोणीही त्यात बसू शकतात. १९८५ साली जन्मलेल्या, एका लहान राज्याच्या विद्यापीठाने हे केलं.

इंग्लंडात २०१४ पासून दर नोव्हेंबरला 'बीइंग ह्यूमन' नावाचा मानव्यविद्यांचा महोत्सव होतो. लंडन विद्यापीठाच्या स्कूल ऑफ ॲडव्हान्स्ड स्टडीने त्याची सुरुवात केली आणि देशभरातली विद्यापीठं त्यात उतरली. इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान शिकवणारे लोक आपलं काम घेऊन वाचनालयांत, संग्रहालयांत, कॅफेंत जातात. बहुतेक कार्यक्रम फुकट. संशोधन लोकांच्या करातून होतं, तर त्याचा जाब लोकांसमोर, त्यांना समजेल अशा भाषेत द्यायचा, असा सरळ हिशेब त्यामागे आहे.

आपल्याकडे हा विचार परका नाही. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची. मुंबई विद्यापीठाचा आजीवन अध्ययन व विस्तार विभागही दरवर्षी 'उडान' भरवतो. त्यात पथनाट्यं, भित्तिपत्रकं, वक्तृत्व असतं, आणि स्त्रियांच्या स्थितीपासून लोकसंख्येपर्यंतच्या प्रश्नांवर मुलांनी समाजात जाऊन केलेलं काम त्यातून मांडलं जातं. कल्पना उत्तम आहे. पण तिथेही पथनाट्य रस्त्यावर होण्याऐवजी बहुधा महाविद्यालयाच्या पटांगणात, दुसऱ्या महाविद्यालयांसमोर आणि परीक्षकांसमोर होतं. व्यसनमुक्तीचं नाटक बघायला दारूच्या गुत्त्यासमोरून जाणारा माणूस हवा; समोर बसलेले असतात ते गुण मिळवायला आलेले विद्यार्थी.

खर्च फार नाही

मग करता काय येईल? महोत्सवाचे नियम बदला, असं मी म्हणणार नाही. दहा मिनिटं राहू देत, घंटा राहू दे. देशभरच्या स्पर्धेला एक माप लागतंच. पण स्पर्धा संपली की सगळं संपतं, ही रीत मोडायला हरकत नाही.

पावसाळा सरला, भात घरात आलं की थंडीच्या दिवसांत दक्षिण आणि उत्तर रत्नागिरीतल्या विजेत्या संघांची दोन-तीन संध्याकाळची मांडणी रत्नागिरीत आणि चिपळुणात सहज करता येईल. त्या वेळी घंटा नको. स्पर्धेत दहा मिनिटं नाचलेली जाखडी तिथे तासभर नाचावी, आणि तिच्यासोबत गावचा शाहीर त्याच्या प्रतिपक्षासह मंचावर असावा. मुलांनी त्याला प्रश्न विचारावेत. ही मुलं ज्याच्याकडून शिकली, त्याचं नाव आज निकालपत्रात येत नाही. इथे ते पाटीवर यावं. एकांकिकेनंतर नाट्यगृहातच प्रेक्षकांनी मुलांना उलटसुलट विचारावं. राज्य नाट्य स्पर्धेवर टपरीवर तासन्‌तास बोलणारं हे गाव गप्प बसणार नाही. रांगोळ्या आणि भित्तिचित्रं जिल्हा नगर वाचनालयात किंवा देवरुखच्या लक्ष्मीबाई पित्रे कलासंग्रहालयात दोन दिवस ठेवता येतील. सावर्ड्याचं सह्याद्री आणि देवरुखचं डी-कॅड ही कलामहाविद्यालयं हाताशी आहेत. मातीकाम करणाऱ्या मुलांना बघणारी जाणती नजर जिल्ह्यातच मिळेल.

मराठी, इतिहास, संस्कृत, भूगोल शिकवणाऱ्या प्राध्यापकांनाही त्यात वाटा हवा. आज महोत्सवात त्यांचं काम संघ नेणं-आणणं, हजेरी घेणं, जेवणाची कुपनं वाटणं एवढ्यापुरतं उरतं. त्यांनी कातळशिल्पांवर, इथल्या बंदरांच्या व्यापारावर, थिब्याच्या दरबारातून इथे राहिलेल्या माणसांवर, शाहिरांच्या वह्यांवर अर्ध्या तासाचं बोलावं, आणि समोर कोणीही असावं. नव्या शैक्षणिक धोरणात सहअभ्यासक्रमांना आणि समाजाशी निगडित कामाला श्रेयांक ठेवले आहेत. शिमग्यात नमनाचा एक खेळ शेवटपर्यंत बघून, त्यातली गाणी उतरवून, खेळ्यांशी बोलून लिहिलेली तीस पानं हे श्रेयांकांचं काम का होऊ नये? वह्या जपणाऱ्या म्हाताऱ्या शाहिरांची पिढी मोजकी उरली आहे.

यावर हरकती येतील, आणि त्या पोकळ नसतील. विद्यापीठाचं वेळापत्रक सहामाही परीक्षांनी आधीच चेपलेलं असतं. महाविद्यालयांत शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत; जे आहेत त्यांच्यावर माहिती भरण्याचं ओझं आहे. पैसा कोण देणार, हा प्रश्न तर कायमचा. शिवाय एक अडचण कोणी उघड बोलत नाही: मुलं स्पर्धेसाठी जीव टाकतात, कारण शेवटी चषक असतो, प्रमाणपत्र असतं. चषक नसलेल्या संध्याकाळसाठी ती तालमीला येतील का?

माझ्या मते येतील, आणि त्याचा पुरावा याच जिल्ह्यात आहे. शिमग्यात नमनाला आणि गणपतीत जाखडीला मुंबईहून रजा काढून येणारे तरुण कुठल्या चषकासाठी येतात? वाडीतली माणसं समोर बसणार असतात, एवढंच त्यांना पुरतं. तीच माणसं नाट्यगृहात आणून बसवायची आहेत. पैशाचं म्हणाल तर ज्या जिल्ह्याने देणग्यांवर महाविद्यालयं उभी केली आणि जवळजवळ दोन शतकं वाचनालय चालवलं, त्याला दोन संध्याकाळचं भाडं जड जाणार नाही. आर्ट सर्कलसारख्या संस्थांना महोत्सव कसा बसवायचा हे तोंडपाठ आहे. विद्यापीठाने त्यांच्याकडे जाऊन विचारायला मात्र हवं.

वेगळ्या कोकण विद्यापीठाची मागणी करणाऱ्यांनीही यात लक्ष घालावं. ते विद्यापीठ होईल तेव्हा होईल; त्यासाठी इमारती, पदं, कायदा असं पुष्कळ लागेल. पण विद्यापीठ आपल्या गावाचं आहे की नाही, हे इमारतीवरून ठरत नाही. गावातल्या माणसाला तिथे जायला कारण आहे का, आणि गेल्यावर त्याला बसायला जागा मिळते का, यावरून ते ठरतं. युवा महोत्सव हे त्या कारणाचं सगळ्यात सोपं रूप आहे. कलाकार तयार आहेत, परीक्षकांनी त्यांना पारखलेलं आहे, प्रेक्षक जवळच्याच बाजारपेठेत भाजी घेत उभा आहे. पुढच्या ऑगस्टला निकाल लागतील, तेव्हा त्या कागदाच्या तळाशी एक ओळ वाढवली तरी सुरुवात होईल: हे सगळं गावाला कधी आणि कुठे बघायला मिळेल, ती तारीख आणि ते ठिकाण.